आहाराचं टपाल : शेवाळाची कॅप्सूल आणि आईची शुगर

या वेळच्या टपालात समुद्री शेवाळाबद्दलची पत्रं बरीच निघाली. बहुतेकांचा सूर एकच: 'नैसर्गिकच आहे, मग घ्यायला काय हरकत?' त्यातली चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण त्या बाईंनी एक गोष्ट जाता जाता लिहिली आणि माझं सगळं लक्ष तिथेच अडकलं.

प्रश्न : आईचं वय ६४. टाइप २ मधुमेह जुना आहे. सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी, मग जेवणाच्या वेळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. गेल्या वेळी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.९ आलं. परदेशातून आलेल्या भाच्याने तिला केल्प या समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलची मोठी बाटली दिली आहे. जपानी लोक रोज शेवाळ खातात म्हणून त्यांना मधुमेह होत नाही, असं त्याचं म्हणणं. कॅप्सूल सुरू करून ग्लिमेपिराइड हळूहळू बंद करायचं आईच्या मनात आहे. द्यावी का?

उत्तर : ताई, कॅप्सूल देऊ नका. आणि ग्लिमेपिराइड आईंनी आपल्या मनाने बंद करायचं नाही. हे दोन्ही आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

भाच्याचं म्हणणं आधी घेऊ. जपानमध्ये मधुमेह नाही, हे खरं नाही. तिथेही मधुमेहाचे लाखो रुग्ण आहेत आणि तेही गोळ्या, इन्शुलिन घेतातच. शिवाय त्यांचं शेवाळ खाणं पिढ्यान्‌पिढ्यांचं. २०१० साली एक गमतीचा शोध प्रसिद्ध झाला. नोरी या कागदासारख्या वाळवलेल्या शेवाळातला एक तंतू पचवणारी जनुकं जपानी लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंमध्ये सापडली, आणि ती समुद्रातल्या जिवाणूंकडून आलेली होती. तेव्हा त्यांच्या पोटात शेवाळाचं जे होतं, तेच आईंच्या पोटात होईल असं धरून चालता येत नाही.

तरीही शेवाळ आणि साखर यांचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. संबंध आहे, आणि तो चांगला समजलेलाही आहे. केल्प, वाकामे, कोंबू ही तपकिरी शेवाळं. त्यांच्या पेशींच्या भिंतीत अल्जिनेट नावाचा तंतू असतो. १८८१ मध्ये स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने तो वेगळा काढला. आज तो आइस्क्रीमपासून जखमेवरच्या पट्टीपर्यंत सगळीकडे वापरतात. त्याचा गुण एवढाच की पाणी मिळालं की तो बुळबुळीत, दाट होतो. पोटातल्या आम्लात त्याचा लगदा बनतो, जेवण त्यात अडकतं, पोट सावकाश रिकामं होतं आणि पिष्टाची साखर रक्तात एकदम न येता रेंगाळत येते. भिजवलेल्या सब्जाभोवती जो गिळगिळीत थर येतो ना, साधारण तसंच.

दुसरं काम शेवाळातली कडवट, तुरट द्रव्यं करतात. त्यांना फ्लोरोटॅनिन म्हणतात. पिष्टाची साखर करणारे जे पाचक रस आपल्या तोंडात आणि आतड्यात असतात, त्यांना ती अडवतात. मधुमेहाची अकार्बोज नावाची गोळी हेच काम करते, त्यामुळे कल्पना मुळीच वेडगळ नाही.

आता माणसांवर काय दिसलं ते बघू. १९९१ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या सात पुरुषांना जेवणात ५ ग्रॅम सोडियम अल्जिनेट मिसळून दिलं. जेवणानंतरची साखरेची उसळी ३१ टक्क्यांनी आणि इन्शुलिनची ४२ टक्क्यांनी कमी झाली. आकडे छान आहेत. पण माणसं सात, आणि ५ ग्रॅम म्हणजे भरलेला चमचा, तोही जेवणात कालवलेला. २००८ मध्ये कोरियात मधुमेहाच्या वीस रुग्णांवर चार आठवड्यांचा प्रयोग झाला. ज्यांना शेवाळ दिलं त्यांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही साखर उतरली. किती दिलं होतं? दिवसाला ४८ ग्रॅम. वाळवलेल्या शेवाळाची पूड, तीन वेळा विभागून. एवढी पूड ताटलीत काढून बघा म्हणजे अंदाज येईल. आणि चार आठवड्यांत एचबीए१सीवर फारसं काही वाचता येत नाही, कारण तो आकडा साधारण तीन महिन्यांचा हिशोब सांगतो.

कॅप्सूलच्या मापाचा प्रयोगही झाला आहे. कॅनडातल्या लावाल विद्यापीठात २०११ मध्ये २३ जणांना दोन तपकिरी शेवाळांचा ५०० मिलिग्रॅम अर्क देऊन वर ब्रेड खायला दिला. इन्शुलिन थोडं कमी लागलं, साधारण १२ टक्क्यांनी. रक्तातल्या साखरेत मात्र नजरेत भरेल असा फरक पडला नाही. २०१८ मध्ये एका शेवाळाचा अर्क ५०० आणि २००० मिलिग्रॅम अशा दोन मात्रांत निरोगी माणसांना देऊन पाहिला, तिथेही जेवणानंतरची साखर रोखली गेली नाही. म्हणजे ताटात भरपूर शेवाळ असेल तर तंतूंमुळे काहीतरी घडतं, आणि बाटलीतल्या अर्ध्या ग्रॅमकडून तेच मागणं जास्तीचं होतं. आईंच्या बाटलीत तर अर्कही नाही, तुम्ही पाठवलेल्या लेबलच्या फोटोत नुसती केल्पची पूड लिहिली आहे.

आता त्या जाता जाता लिहिलेल्या गोष्टीकडे येते: 'सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी.'

केल्प म्हणजे आयोडीनचं कोठार. मुळात आयोडीन सापडलं तेच शेवाळात. १८११ मध्ये फ्रान्समध्ये कुर्त्वा नावाचा माणूस बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करत होता. शेवाळाच्या राखेत आम्ल जरा जास्त पडलं आणि भांड्यातून जांभळी वाफ निघाली. तेच आयोडीन. मोठ्या माणसाला ते दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मीठ आयोडीनयुक्त असेल तर बहुतेक तिथेच भागतं. २००४ मध्ये बाजारात मिळणारी खाण्याची शेवाळं तपासली, तेव्हा नोरीत ग्रॅमला १६ मायक्रोग्रॅम आयोडीन निघालं आणि केल्पच्या एका दाणेदार नमुन्यात ग्रॅमला ८,१६५. शून्य चुकून वाढलेलं नाही. त्या केल्पची अर्ध्या ग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे चार हजारांवर मायक्रोग्रॅम, गरजेच्या २७ पट. युरोपात सुरक्षित वरची मर्यादा ६०० धरतात, अमेरिकेत १,१००.

आईंच्या बाटलीवर आयोडीनचा आकडाच नाही. अशी बाटली मी उघडूसुद्धा देत नाही. आकडा छापलेला असला तरी दोन खेपांमधल्या शेवाळात फरक असतो. जात, समुद्र, ऋतू, वाळवण्याची पद्धत, सगळ्यानेच तो बदलतो.

थायरॉइडवर आयोडीनचा असा मारा झाला की ग्रंथी आधी काम थांबवते. हे १९४८ सालीच दाखवून झालं आहे. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते. आधीच दुखणाईत असलेली पुष्कळदा सावरत नाही, आणि आईंचा टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, ग्रंथी मंदावली की तो वाढतो) वर जातो. गाठी असलेल्या ग्रंथीत उलटंही होतं, ती सुसाट सुटते, छाती धडधडते, वजन उतरतं. जपानचंच उदाहरण हवं असेल तर होक्काइडोच्या किनाऱ्यावर कोंबू भरपूर खाणाऱ्या लोकांत गलगंड आढळल्याची नोंद १९६० च्या दशकात झाली होती. भाच्याला हेही सांगा.

आणि थायरॉइड हललं की साखरही जागेवर राहत नाही. ग्रंथी सुसाट असली तर साखर चढते. मंदावली तर इन्शुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि साखर नको तेव्हा खाली येऊ शकते. साखरेसाठी घेतलेली कॅप्सूल अशी मागच्या दाराने साखरच बिघडवते.

राहिलं ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, जेवण पचलं की नाही हे ती विचारत नाही. त्यामुळे तिच्या जोडीला साखर अडवणारं काहीही, शेवाळच असं नाही, मोठ्या प्रमाणात सुरू केलं तर साखर ७० च्या खाली जाण्याची भीती असते. आणि गोळी एकदम थांबवली तर ७.९ चं काय होईल हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं असं काही झालं तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तेवढी साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. आई शुद्धीत नसतील तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

आईंनी कॅप्सूल आधीच घेऊन पाहिल्या असतील (आणि मला दाट शंका आहे की पाहिल्या असतील, कारण बाटलीचं सील तुटलेलं दिसतंय), तर रागावू नका. बंद करायला लावा, डॉक्टरांना बाटलीसकट सांगा आणि टीएसएच कधी तपासायचा ते विचारा. ७.९ वर काय करायचं हेही त्याच भेटीत बोला. ग्लिमेपिराइड नको असण्याचं आईंचं कारण काय आहे ते मात्र तुम्ही त्यांना नक्की विचारा. पुष्कळदा गोळीने दुपारी गळून जायला होतं, म्हणजे साखर खाली जात असते, आणि बाई ते कुणाला सांगत नाही. तसं असेल तर डॉक्टर गोळी बदलू शकतात.

प्रश्न : मी रोज स्पिरुलिनाच्या गोळ्या घेतो. ते पण शेवाळच ना? मग मलाही आयोडीनची भीती आहे का?

उत्तर : नाही. स्पिरुलिना समुद्री शेवाळ नाही. ते निळं-हिरवं सूक्ष्म जिवाणूंचं पीक आहे आणि क्षारयुक्त पाण्याच्या तळ्यांत वाढवतात. त्यात अल्जिनेट नाही आणि केल्पसारखं आयोडीनही नाही. म्हणून वरचे फायदेही त्याला लागू नाहीत आणि वरचा धोकाही. कसल्या पाण्यात वाढवलं आहे ते मात्र बघा, कारण गलिच्छ तळ्यात त्याच्याबरोबर विषारी जिवाणूही वाढतात. चाचणीचा दाखला देणाऱ्या कंपनीचंच घ्या.

प्रश्न : मला मधुमेहाच्या आधीची अवस्था सांगितली आहे, औषध काही नाही. थायरॉइड तपासला, ठीक आहे. मला कॅप्सूल नकोच, शेवाळ जेवणात खायचं आहे. नोरी आणि वाळलेलं वाकामे आणलं आहे. किती खावं, कसं खावं, आणि मला त्याचा उपयोग होतोय हे कसं कळणार?

उत्तर : असं पत्र आलं की मला बरं वाटतं. खा.

वाकामेपासून सुरू करू. पाकिटात ते चहाच्या पत्तीसारखं काळंहिरवं, चुरगळलेलं असतं आणि पहिल्यांदा सगळे जण जास्तच घेतात. सपाट चमचाभर घ्या, मोठ्या वाडग्यात गार पाण्यात टाका. पाच-सात मिनिटांत पानं उलगडतात, हिरवीगार होतात आणि वाडगा भरून येतो. बोटाला बुळबुळीत लागतं, तोच तो तंतू. ते पाणी ओतून द्या, एकदा आणखी धुवा. वाळलेल्या वाकामेत मीठ बरंच असतं आणि धुतल्याने त्यातलं पुष्कळ निघून जातं. मग काकडीबरोबर, लिंबू पिळून, जेवणाच्या सुरुवातीला खा किंवा जेवणासोबत. जेवणाच्या आधी तासभर किंवा नंतर खाल्लं तर त्या जेवणाला त्याचा उपयोग नाही, कारण त्याचं काम अन्नात मिसळूनच होतं. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

नोरीचं एक मोठं पान साधारण ३ ग्रॅम भरतं. आयोडीनच्या दृष्टीने ती सगळ्यांत सौम्य. पण नोरी लाल शेवाळातली, तिच्यात अल्जिनेट नाही, तेव्हा साखरेसाठी तिच्याकडून फार आशा ठेवू नका. चव म्हणून खा. कुरकुरीत मसालेदार नोरीच्या पाकिटावर साखर, तेल आणि मीठ शोधा, तिन्ही बहुधा सापडतील. आणि सुशी खाऊन 'शेवाळ खाल्लं' म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं: आतला भात मोजा. त्यात साखर घातलेली असते.

कोंबू घरात आणलाच तर तो उकळल्यावर आयोडीन नाहीसं होत नाही, पाण्यात उतरतं. म्हणजे पट्टी फेकून सूप पिणारा माणूस नेमकं तेच पितो. रोजच्या सूपला तो नको.

हिजिकी नावाचं शेवाळ मात्र घेऊच नका. काळ्या काड्यांसारखं दिसतं. त्यात अकार्बनी आर्सेनिक असतं, म्हणजे आर्सेनिकचा घातक प्रकार. कॅनडाने २००१ मध्ये आणि ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये ते न खाण्याचा सल्ला दिला. समुद्रकाठी फिरताना स्वतः वेचून आणलेलं शेवाळही नको. पाण्यात जे असेल ते शेवाळ शोषून घेतं, सांडपाण्यातलं सुद्धा.

आता उपयोग होतोय का, ते. ग्लुकोमीटर घ्या. एक ठरावीक जेवण निवडा, तेच पदार्थ, तेवढंच माप, तीच वेळ. एका दिवशी शेवाळाशिवाय, दुसऱ्या दिवशी शेवाळासह. दोन्ही दिवशी जेवायच्या आधी मोजा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. शेवटच्या घासापासून नव्हे, इथे जवळजवळ सगळे घोळ करतात. जेवणानंतर एका दिवशी फिरायला गेलात आणि दुसऱ्या दिवशी आडवे झालात तर तो प्रयोग बाद. आणि एका जोडीवर निकाल लावू नका. मीटरच्या मानकातच १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे खरी साखर १५० असेल तर मीटर १२८ ही दाखवेल आणि १७२ ही. अशा काही जोड्या मांडून ठेवा आणि कल बघा. फरक दिसला नाही तर तुमच्यासाठी ती एक चविष्ट कोशिंबीर आहे, तिच्यावर औषधाचा भार टाकू नका. मला विचाराल तर तुमच्या अवस्थेत ताटातला भात निम्मा करणं आणि जेवून पंधरा मिनिटं चालणं यांनी मीटर जास्त हलेल. पण ते मी दर महिन्याला लिहिते आणि त्यावर पत्रं येत नाहीत.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, हृदयाची झडप बदलली आहे म्हणून रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू आहे, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) थोडं वाढलेलं आहे. जेवल्यावर पोट फुगून राहतं, डॉक्टर म्हणाले मधुमेहामुळे पोट हळू चालतं. अल्जिनेटची पूड पाण्यातून दिली तर चालेल का?

उत्तर : नाही, आणि यात 'थोडी देऊन बघू' अशीही वाट नाही.

त्यांचं पोट आधीच मंद आहे. अल्जिनेट ते आणखी मंद करणार. ते जेवणाआधी इन्शुलिन घेत असतील तर इन्शुलिन वेळेवर पोचेल आणि अन्न मागे राहील, म्हणजे जेवूनही साखर खाली. शिवाय अशी पूड कमी पाण्यात घेतली तर घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. म्हाताऱ्या माणसात हा धोका मी हलका मानत नाही.

वॉरफरिनचा विषय शेवाळाच्या पानांशी आहे. नोरी, वाकामे यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते वॉरफरिनच्या विरुद्ध काम करतं. कधी खाल्लं, कधी नाही असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, वरखाली होतो, आणि झडप बदललेल्या माणसाला ते परवडणारं नाही. मूत्रपिंडासाठी शेवाळातलं पोटॅशियम आणि मीठ, दोन्ही अडचणीचे. म्हणून पानंही नकोत.

पोट फुगण्यासाठी त्यांना थोडं थोडं, जास्त वेळा, मऊ शिजवलेलं आणि कमी तेलाचं द्या. रात्रीचं जेवण लवकर आणि सगळ्यांत हलकं. तंतूंचा मारा अशा पोटाला नको, मग तो शेवाळाचा असो की इसबगोलाचा. जेवणानंतर दोन तासांनी साखर कमी आणि चार तासांनी चढलेली असं होतंय का, तेवढं मोजून लिहून ठेवा आणि तो कागद पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. इन्शुलिनची वेळ बदलायची का, ते त्यावरून ठरवता येतं.